आधी डबा उलगडा, मग सूत्र

एका वाचक वडिलांचं पत्र आलं आहे. थोडक्यात इथे देते.

"बाई, सा. न. वि. वि. माझी लेक नववीत आहे. एरवी तिला गणित आवडतं, पण पृष्ठफळाचा धडा सुरू झाला आणि ती पार बिथरली. सगळी सूत्रं तिने एका कार्डावर लिहून टेबलासमोर चिकटवली आहेत. झोपेतून उठवून विचारलं तरी घडाघडा म्हणून दाखवते. तरी चाचणीत दर वेळी भलतंच सूत्र वापरते. परवाचं गणित असं होतं: वरून उघडं असलेलं वृत्तचिती आकाराचं भांडं, त्रिज्या ७ सेमी, उंची २० सेमी, तर बाहेरचं पृष्ठफळ किती? तिने ११८८ चौसेमी लिहिलं. उत्तर १०३४ आहे. शंकूच्या गणितात तिने तिरक्या उंचीच्या जागी सरळ उंची घातली. पृष्ठफळ आणि घनफळ यांचीही मधूनच गल्लत होते. मी शिकवायला बसतो, पण शंकूचं सूत्र कुठून आलं हे मलाच सांगता येत नाही, गोलाचं तर लांबच राहिलं. सूत्रं पुन्हा पक्की करून घेऊ, की आणखी गणितं सोडवून घेऊ?"

नमस्कार.

तिचं चुकलेलं उत्तरही तुम्ही कळवलंत, हे फार बरं केलंत. मुलाच्या डोक्यात काय चाललं होतं हे चुकलेल्या उत्तरावरून जितकं कळतं, तितकं बरोबर उत्तरावरून कधीच कळत नाही. ११८८ मधून १०३४ वजा करा. उरतात १५४. आणि १५४ म्हणजे २२/७ × ७ × ७, त्या भांड्याच्या तोंडाएवढ्या एका वर्तुळाचं क्षेत्रफळ. थोडक्यात, तुमच्या लेकीने सूत्र बिनचूक आठवलं, गुणाकार बिनचूक केला, आणि ज्या भांड्याला झाकण नव्हतं त्याला झाकण लावून टाकलं. तिची स्मरणशक्ती शाबूत आहे. गणित वाचल्यावर ते भांडं मात्र तिच्या डोळ्यांपुढे आलं नाही. 'वृत्तचिती' हा शब्द दिसला आणि हात सरळ कार्डाकडे गेला.

म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देते: सूत्रं पुन्हा घोकून घेऊ नका, आणि गणितांचा ढीगही तिच्यापुढे टाकू नका. ज्याने चूक होते आहे, तेच जास्त वेळा केल्याने चूक पक्की होईल. काही दिवस ते कार्ड खणात ठेवा. फेकू नका, कारण ते तिने मेहनतीने लिहिलं आहे आणि पुढे तिला ते लागेलही. पण तोवर कात्री, पुठ्ठा आणि कागद यांच्याशी गाठ घालून द्या.

पृष्ठफळ ही काही नवी राशी नाही, हे तिला आधी पटायला हवं. वस्तूला बाहेरून जेवढे पृष्ठभाग आहेत त्या सगळ्यांच्या क्षेत्रफळांची बेरीज म्हणजे पृष्ठफळ. आयत, त्रिकोण, वर्तुळ यांची क्षेत्रफळं ती केव्हाच शिकली आहे. या धड्यात नवं आहे ते एवढंच, की आता तिने वस्तू मनातल्या मनात उलगडायला शिकायचं.

सुरुवात पुठ्ठ्याच्या खोक्यापासून करा. कडांवरून कापत ते सपाट पसरू द्या. आत दुमडलेल्या चिकटवायच्या पट्ट्या कापून टाकायला सांगा, कारण त्या दुसऱ्या पृष्ठाखाली दडलेल्या असतात आणि मोजणीत येत नाहीत. (हे बारीकसं वाटेल, पण 'कुठलं पृष्ठ मोजायचं आणि कुठलं नाही' हा प्रश्न तिला पहिल्यांदा इथेच पडेल, आणि तो पडायलाच हवा.) मग प्रत्येक आयतावर त्याची मापं लिहू द्या. समजा खोकं ३० सेमी लांब, २० सेमी रुंद आणि १० सेमी उंच आहे. ६०० चे दोन आयत, ३०० चे दोन, २०० चे दोन. एकूण २२०० चौसेमी. समोरासमोरची पृष्ठं सारखी म्हणून तीन जोड्या, आणि म्हणूनच सूत्रात तो दोनाचा आकडा. इथवर ती झपाट्याने येईल.

आता तिला त्याच पसरलेल्या पुठ्ठ्याकडे दुसऱ्या नजरेने पाहायला लावा. उभ्या चार भिंती एकमेकींना लागून एक लांबच लांब पट्टी झालेली दिसेल. पट्टीची उंची १० सेमी, आणि लांबी ३० + २० + ३० + २०, म्हणजे १०० सेमी. हे १०० म्हणजे तळाची परिमिती. उभ्या भिंतींचं क्षेत्रफळ = तळाची परिमिती × उंची = १००० चौसेमी. त्यात तळ आणि छत मिळवा, ६०० आणि ६००. पुन्हा २२००.

माझ्या मते या सबंध धड्यातली सर्वांत कामाची ओळ हीच: पायाची परिमिती गुणिले उंची. सरळ उभ्या असलेल्या प्रत्येक चितीला, म्हणजे तळापासून वरपर्यंत सारखाच आकार असलेल्या वस्तूला, ती लागू पडते, मग पाया कसलाही असो. पाया त्रिकोणी असेल, ३, ४ आणि ५ सेमी बाजूंचा काटकोन त्रिकोण, आणि उंची १० सेमी असेल, तर भिंती १२ × १० = १२०, दोन टोकांचे त्रिकोण ६ आणि ६, एकूण १३२ चौसेमी. पाया षट्कोनी असला तरी हेच. कार्डावर त्रिकोणी चितीचं सूत्र नाही म्हणून तिचं काही अडत नाही.

आणि पाया गोल असला तर? वर्तुळाची परिमिती म्हणजे परीघ. कागद गुंडाळून नळी करा, पुन्हा उघडा: आयत. त्याची एक बाजू उंची, दुसरी परीघ. २ × पाय (π, म्हणजे सुमारे २२/७) × त्रिज्या × उंची हे सूत्र तिला पाठ आहेच, पण ते खोक्याच्याच सूत्राचं रूप आहे हे बहुधा तिला कोणी दाखवलेलं नसेल. 'पाय × त्रिज्येचा वर्ग' ही झाकणं. ती दोन आहेत, एक आहे की एकही नाही, हे सूत्र सांगत नाही. ते गणितातले शब्द सांगतात: उघडं भांडं असेल तर एक, पाण्याचा पाइप असेल तर एकही नाही, बंद डबा असेल तर दोन. तिच्या गणितात वक्र भाग ८८०, तळ १५४. बेरीज १०३४.

पृष्ठफळ आणि घनफळ यांच्या गल्लतीवर एक प्रयोग सुचवते, तो मला स्वतःला फार आवडतो. छपाईचा नेहमीचा ए-चार मापाचा कागद घ्या. तो २१ सेमी रुंद आणि २९.७ सेमी लांब असतो. एक कागद लांबीच्या बाजूने गुंडाळून बुटकी, जाड नळी करा. तसाच दुसरा कागद रुंदीच्या बाजूने गुंडाळून उंच, सडपातळ नळी करा. कडा एकमेकींवर चढवू नका, नुसत्या भिडवून वरून चिकटपट्टी लावा. दोन्ही नळ्यांचं वक्रपृष्ठफळ सारखंच, कारण कागद तोच. मग विचारा, कुठल्या नळीत जास्त माल मावेल? बहुतेक मुलं 'सारखाच' म्हणतात, काही उंच नळीवर बोट ठेवतात. उंच नळी बुटक्या नळीच्या आत उभी करा, काठोकाठ भुसा किंवा मणी भरा आणि आतली नळी हळूच वर ओढून घ्या. माल खाली पसरेल आणि बुटकी नळी बरीच रिकामी दिसेल. हिशेब केला तर बुटक्या नळीचं घनफळ सुमारे १४७४ घसेमी येतं आणि उंच नळीचं सुमारे १०४२. कागद एकच, मावणारा माल दीडपटीच्या जवळपास बदलला. हे एकदा हाताने केलं की 'वस्तू झाकायला किती लागेल' आणि 'वस्तूत किती मावेल' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे सांगत बसावं लागत नाही. एककंही आपोआप ताळ्यावर येतात: झाकायचं ते चौसेमीत, भरायचं ते घसेमीत.

आता शंकू. इथे तुम्ही स्वतः अडता असं लिहिलंत, म्हणून जरा सावकाश जाऊ.

कागदावर १० सेमी त्रिज्येचं अर्धवर्तुळ काढा आणि कापा. त्याच्या सरळ कडेचे दोन्ही अर्धे भाग एकमेकांना भिडवा. शंकू तयार झाला. आता त्यावर बोट ठेवून पाहा: कागदाची जी १० सेमी त्रिज्या होती, ती आता शंकूच्या टोकापासून खालच्या काठापर्यंत पृष्ठावरून उतरणारी रेघ झाली आहे. तीच तिरकी उंची. आणि कागदाची गोलाकार कड होती, ती शंकूच्या पायाचा परीघ झाली. अर्धवर्तुळाची ती कड पाय × १० एवढी लांब, म्हणजे पायाची त्रिज्या झाली ५ सेमी. सरळ उंची मात्र कागदावर कुठेच नाही! ती शंकूच्या पोटातल्या हवेत आहे. पायथागोरसच्या प्रमेयाने काढली तर १०० मधून २५ वजा, ७५ चं वर्गमूळ, सुमारे ८.६६ सेमी. कागदाचं क्षेत्रफळ काढताना हवेतली लांबी वापरून कसं चालेल? तिरकी उंची का घ्यायची याचं उत्तर इथे आहे, आणि ते तिला कागद हातात असताना मिळालं तर पुन्हा विसरणार नाही.

सूत्र कुठून आलं तेही याच कागदावर दिसतं. शंकू उलगडला की नेहमी वर्तुळपाकळी मिळते. तिचे टोकापासून कडेपर्यंत खूप बारीक उभे काप केले, तर प्रत्येक काप जवळजवळ त्रिकोण असतो. त्याची उंची म्हणजे तिरकी उंची आणि पाया म्हणजे कडेचा छोटा तुकडा. त्रिकोणाचं क्षेत्रफळ अर्धा × पाया × उंची. सगळे काप एकत्र केले की सगळे पाये मिळून पूर्ण कड होते, आणि पूर्ण कड म्हणजे शंकूच्या पायाचा परीघ. म्हणून वक्रपृष्ठफळ = अर्धा × (२ × पाय × त्रिज्या) × तिरकी उंची. दोनाने दोन गेला, राहिलं पाय × त्रिज्या × तिरकी उंची. आपल्या शंकूवर ताडून पाहा: पाय × ५ × १० म्हणजे ५० पाय. आणि १० त्रिज्येच्या अर्धवर्तुळाचं क्षेत्रफळ? १०० पायचं अर्धं, ५० पाय. कागद तोच, उत्तर तेच.

सरळ उंची घातली की किती फरक पडतो हेही एकदा दाखवा. त्रिज्या ६, सरळ उंची ८ असा शंकू असेल तर तिरकी उंची १०. पाय ३.१४ धरून बरोबर उत्तर १८८.४ चौसेमी, आणि ८ घालून १५०.७२. अशी चूक पकडायची एक खूण शिकवून ठेवा: तिरकी उंची ही सरळ उंचीहूनही मोठी असते आणि त्रिज्येहूनही. वही तपासताना या तीन लांब्या नुसत्या शेजारी शेजारी लिहिल्या तरी गडबड कळते.

पिरॅमिडच्या बाबतीत हीच गोष्ट, फक्त सापळा थोडा वेगळा. चौरस पायाच्या पिरॅमिडची प्रत्येक बाजू त्रिकोण असते. त्या त्रिकोणाची उंची टोकापासून पायाच्या कडेच्या मध्यापर्यंत मोजायची, कोपऱ्यापर्यंत नाही. गिझाच्या मोठ्या पिरॅमिडची मूळ उंची सुमारे १४६.६ मीटर आणि पायाची बाजू सुमारे २३०.३ मीटर होती. उंची आणि बाजूचं अर्धं घेऊन पायथागोरस लावला की तिरकी उंची सुमारे १८६.४ मीटर येते. चार त्रिकोण मिळून जवळपास ८५,९०० चौमी होतात, साडेआठ हेक्टरांहून थोडं जास्त. पाया साडेपाच हेक्टरांच्या आत आहे. तिरकी पृष्ठं मिळून पायापेक्षा नेहमी जास्तच भरतात, शंकूतही आणि पिरॅमिडमध्येही. उत्तर पायापेक्षा कमी आलं तर कुठेतरी चुकलंच.

गोलावर आलं की उलगडण्याची युक्ती संपते, आणि हे मुलांना स्पष्ट सांगावं असं मला मनापासून वाटतं. गोलाचा कुठलाही तुकडा न ताणता, न फाडता, न चुरगळता सपाट करता येत नाही. गाऊस या जर्मन गणितज्ञाने १८२७ मध्ये मांडलेल्या प्रमेयातून हे सिद्ध होतं, आणि पृथ्वीचा सपाट नकाशा कुठे ना कुठे बिघडतो तो याचमुळे. म्हणून गोलाचं सूत्र 'असंच आहे' म्हणून समोर ठेवलं जातं. पण त्यामागचं कारण नववीच्या मुलीला न झेपणारं मुळीच नाही.

आर्किमिडीज या ग्रीक गणितज्ञाने सुमारे २२०० वर्षांपूर्वी ते शोधलं. एक चेंडू घ्या आणि तो घट्ट बसेल अशी नळी त्याच्याभोवती आहे अशी कल्पना करा. नळीची त्रिज्या चेंडूएवढी, उंची चेंडूच्या व्यासाएवढी. आता दोन्हींचे एकदम आडवे, अगदी पातळ काप करा. मधोमध, चेंडूच्या पोटापाशी, चेंडूची पट्टी आणि नळीची पट्टी जवळजवळ सारख्या. वर सरकत गेलो की चेंडूची पट्टी आखूड होते, कारण तिथे चेंडू निमुळता झालेला असतो. पण ती कललेली असल्यामुळे नळीच्या पट्टीपेक्षा रुंदही होते. मौज अशी, की ती जितक्या पटीने आखूड होते तितक्याच पटीने रुंद होते.

एका ठिकाणी करून पाहू. चेंडूची त्रिज्या १०, आणि मध्यापासून ८ वर आपण कापतो आहोत. तिथे चेंडूच्या आडव्या वर्तुळाची त्रिज्या ६ आहे, ६-८-१० चा ओळखीचा काटकोन त्रिकोण. म्हणजे पट्टीची लांबी नळीच्या पट्टीच्या ६/१०. आता रुंदी. चेंडूचा उतार त्या जागच्या त्रिज्येला काटकोनात असतो, त्यामुळे तोच ६-८-१० चा त्रिकोण छोटा होऊन, आडवा पडून उतारावर पुन्हा येतो. सरळ उंची ६ भाग असेल तर उतारावरून १० भाग चालावं लागतं. म्हणजे पट्टीची रुंदी १०/६ पट. ६/१० गुणिले १०/६ किती? एक. पट्टीचं क्षेत्रफळ नळीच्या पट्टीएवढंच राहिलं. असं प्रत्येक उंचीवर होतं, म्हणून चेंडूचं सगळं पृष्ठफळ नळीच्या वक्रपृष्ठफळाएवढं: २ × पाय × त्रिज्या × व्यास, म्हणजेच ४ × पाय × त्रिज्येचा वर्ग. यातून आणखी एक चकित करणारी गोष्ट निघते. चेंडूच्या सारख्या जाडीच्या आडव्या चकत्या केल्या, तर पोटाजवळच्या मोठ्या चकतीच्या आणि टोकाच्या इवल्याशा चकतीच्या वाट्याला बाहेरचं पृष्ठ सारखंच येतं.

आर्किमिडीजला हा शोध इतका प्रिय होता, की त्याच्या थडग्यावर गोल आणि वृत्तचिती कोरलेली होती. इ. स. पूर्व ७५ मध्ये सिसिलीत अधिकारी म्हणून असलेल्या सिसेरो या रोमन वक्त्याने झुडपांत हरवलेलं ते थडगं या आकृतीवरूनच ओळखलं. आपल्याकडे भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लीलावतीत हेच सांगितलं आहे: वर्तुळाचं क्षेत्रफळ चौपट केलं की चेंडूभोवतीच्या जाळ्यासारखं गोलाचं पृष्ठफळ मिळतं. ते पडताळून पाहायचं असेल तर चेंडूच्या अर्ध्या भागावर दोरा एकाला एक लागून चिकटवत जा. मग तोच दोरा सोडवून चेंडूच्याच त्रिज्येच्या वर्तुळांत भरा. अर्ध्या चेंडूचा दोरा साधारण दोन वर्तुळं भरतो.

अर्धगोलाबद्दल एवढंच, की नुसती वाटी असेल तर दोन वर्तुळांएवढं पृष्ठफळ, आणि भरीव अर्धगोल असेल तर कापलेली सपाट बाजूही धरून तीन. पुन्हा तोच झाकणाचा प्रश्न.

जोडलेल्या आकारांवर मात्र वेळ घालवा, परीक्षेत मुलं सगळ्यात जास्त तिथे घसरतात. दोन वस्तू चिकटल्या की जोडावरची पृष्ठं नाहीशी होतात, दोन्हीकडची. १ सेमी बाजूचे ८ ठोकळे सुटे असताना ४८ चौसेमी. एका रांगेत लावले तर ३४. दोन रांगांत चार-चार ठेवले तर २८. दोन-दोन-दोन असा मोठा घन केला तर २४. ठोकळे तेच, घनफळ ८ चं ८. हे तिला स्वतः मांडून मोजू द्या. त्याच तर्काने, अर्धगोलावर तेवढ्याच पायाचा शंकू बसवलेलं खेळणं असेल तर शंकूचा वक्र भाग आणि अर्धगोलाचा वक्र भाग, बस. मधलं वर्तुळ आत गाडलं गेलं, ते मोजायचं नाही.

याच्या उलट, भोक. १० सेमी बाजूच्या लाकडी घनाला आरपार ३.५ सेमी त्रिज्येचं भोक पाडलं तर पृष्ठफळ वाढेल की घटेल? आधी अंदाज बांधू द्या. घनाचं ६००. दोन बाजूंची वर्तुळं गेली, ३८.५ आणि ३८.५, एकूण ७७ वजा. पण भोकाच्या आतली गोल भिंत नव्याने उघडी पडली: २ × २२/७ × ३.५ × १० = २२०. बेरीज ७४३. लाकूड काढून टाकलं आणि पृष्ठफळ वाढलं! तिला यात गोडी वाटली तर विचारा, असं नेहमीच होईल का? पातळ पत्र्याला मोठं भोक पाडलं तर घटेल. भोकाची खोली त्रिज्येपेक्षा जास्त असेल तर वाढ, कमी असेल तर घट. दोन ओळींत तिची तीच सिद्ध करू शकेल.

आता तुम्ही शेजारी बसून काय करायचं ते. पेन्सिल तिच्याच हातात राहू द्या. गणित वाचून झालं की आकड्यांना हात लावण्याआधी तिने एक वाक्य लिहायचं, मराठीत, साधं: 'वक्र भाग + एक तळ', किंवा 'शंकूचा वक्र भाग + अर्धगोलाचा वक्र भाग, मधलं वर्तुळ नाही'. चूक असेल तर ती इथेच दिसते आणि दुरुस्त करायला काही मोल पडत नाही. पुस्तकातली बरीचशी गणितं तर सोडवूच नका, फक्त ही वाक्यं लिहून घ्या. एका बैठकीत पुष्कळ होतात, आणि आकडेमोडीने दमछाक होत नाही. ती अडली तर सूत्र सुचवू नका. 'ही वस्तू हातात धरली तर बोट कुठेकुठे टेकेल?' एवढंच विचारा.

एककांबद्दल एक खबरदारी: सगळी मापं आधी एकाच एककात आणायची, शेवटी नाही. १ चौमी म्हणजे १०० नव्हे, १०,००० चौसेमी. आणि पायच्या किमतीवरून घाबरू देऊ नका. २२/७ ही खऱ्या किमतीपेक्षा किंचित जास्त, ३.१४ किंचित कमी. गणितात जी दिली असेल ती घ्यायची. काहीच दिलेलं नसेल आणि त्रिज्या ७ किंवा ३.५ अशी असेल तर २२/७ सोयीची पडते. दोन किमतींनी उत्तरात थोडा फरक पडतो, ती चूक नव्हे.

शेवटी तिच्यासाठी एक काम. शंकूचं टोक पायाला समांतर कापून टाकलं की उरतो तो शंकुछेद, बादलीच्या आकाराचा. त्याच्या वक्र भागाचं सूत्र बहुधा अजून तिच्या कार्डावर नसेल. ते पुस्तकात शोधायला सांगू नका. अर्धवर्तुळाच्या कागदातून आतलं छोटं अर्धवर्तुळ कापून काढू द्या आणि उरलेली कमान जोडू द्या. मोठ्या कागदाचं क्षेत्रफळ वजा छोट्याचं, एवढ्यावरून ती पाय × दोन्ही त्रिज्यांची बेरीज × तिरकी उंची इथवर पोचू शकते. पोचली की तिला त्यात दोन्ही त्रिज्या सारख्या धरून पाहू द्या, आणि मग वरची त्रिज्या शून्य धरून. पहिल्या वेळी तिच्या कार्डावरचं वृत्तचितीचं सूत्र निघेल, दुसऱ्या वेळी शंकूचं. तिने काय लिहिलं ते मला जरूर कळवा, आणि कुठे अडली तर तिची वहीच पाठवा.